नामसाम्य आणि कुळाची साक्ष

गेल्या भाद्रपदात, महालयाच्या दोनच दिवस आधी, परदेशी शिकणाऱ्या माझ्या पुतण्याकडून घरी एक मोठा छापील कागद आला. आमचा वंशवृक्ष होता तो. संगणकावर वंशवृक्ष मांडून देणारी दालने आता पुष्कळ झाली आहेत. आपण आपल्या माहितीची चार नावे भरावीत, आणि तेथील यंत्राने आपल्या साठ्यातील नोंदींशी ती ताडून ‘ही नोंद तुमच्या पणजोबांची असण्याचा संभव आहे’ असे सुचवावे, अशी त्यांची रीत असते. पुतण्याने अशीच एक सूचना स्वीकारली होती. तिच्याबरोबर दुसऱ्या कोणी मांडून ठेवलेल्या आणखी तीन पिढ्या आपोआप वर चढल्या, आणि ज्या आमच्या घराण्याची आठवण डिचोली तालुक्यातील एका गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याशी थांबत असे, ते घराणे कागदावर थेट पेशवाईत जाऊन पोहोचले.

वडिलांना त्या वरच्या पिढ्यांचे फारसे अप्रूप वाटले नाही. त्यांचे लक्ष एकाच नावावर खिळले. पक्षात पिंडदानाच्या वेळी ते पिता, पितामह, प्रपितामह यांची नावे न अडखळता घेतात. माता आणि पितामही यांचीही घेतात. प्रपितामहीपाशी मात्र दरवर्षी थांबतात. माझ्या पणजोबांच्या आईचे नाव आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. पणजोबांच्या नावापुढे बापाचे नाव लागत असल्यामुळे बाप राहिला. आई राहिली नाही. भटजी तेथे ‘अज्ञातनाम्नी’ असे म्हणवितात आणि पुढे जातात. या कागदावर ते नाव होते. १९१७ सालच्या एका विवाह-नोंदीत वराची आई म्हणून ते लिहिलेले होते. ऐंशी वर्षांच्या माणसाला आपल्या पणजीचे नाव प्रथमच मिळावे, ही गोष्ट लहान नव्हे. यंदा ते घ्यावयाचे, असे त्यांनी मनाशी ठरविले.

माझी आत्या वडिलांहून पाच वर्षांनी वडील. तिने चष्मा लावून तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. (तिचे स्वतःचे नाव त्यावर जन्मवर्षासह होते आणि पुढे काहीच नव्हते, लग्नात नाव आणि आडनाव दोन्ही बदलल्यामुळे यंत्राच्या लेखी ती बालपणीच नाहीशी झालेली होती. त्याचे तिला हसू आले.) मग पणजोबांच्या चौकटीवर बोट ठेवून ती म्हणाली, “हो आमचो न्हय.” कशावरून, असे विचारले तर तिला कारण सांगता येईना.

आता प्रश्न असा उभा राहिला. एका बाजूस सरकारी चोपडीतील लेख, त्यात नाव जुळते, बापाचे नाव जुळते, काळ जुळतो, आणि यंत्र आपल्या मोजमापाने सांगते की संभव मोठा आहे. दुसऱ्या बाजूस कारण न देता आलेला एका वृद्ध स्त्रीचा नकार. माझ्या व्यवसायातील माणूस पहिल्या बाजूस झुकेल, असे कोणासही वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु यंत्राची सूचना ही मुळात कोणत्या जातीची गोष्ट आहे, हे ठरविल्याशिवाय तिचे वजन करता येत नाही, हे जरा विचार केल्यावर ध्यानात आले.

सूचना म्हणजे साक्ष नव्हे. पोलिसांत दिलेली पहिली खबर आणि न्यायासनापुढील पुरावा यांत जो भेद आहे, तोच येथे आहे. खबरीवरून तपास सुरू होतो. खबरीवर निकाल होत नाही. यंत्र तपासाची दिशा दाखविते, आणि ते काम ते उत्तम करते, हे मी आधीच कबूल करून टाकतो. माझ्या आजोळच्या एका पुरुषाची नोंद मला वीस वर्षे सापडली नव्हती. तिचे नाव होते शांबा. पोर्तुगीज कारकून आपल्या ‘श’साठी रोमन ‘एक्स’ हे अक्षर वापरीत, आणि मी ‘एस’ अक्षराखाली शोधीत बसलो होतो. यंत्राने ती अर्ध्या घटकेत पुढ्यात आणून ठेवली. शेणवीचा सिनाय, प्रभूचा पोरोब, पांडुरंगाचा पांडुरोंग, आणि खुद्द डिचोलीची बिचोली करणाऱ्या त्या लेखनपद्धतीत आमच्यासारख्यांची दृष्टी दमून जाते. यंत्राची दमत नाही. तेव्हा तक्रार यंत्राविरुद्ध नाही. तक्रार आहे ती खबरीलाच निकाल समजून त्याखाली सही करणाऱ्या आपल्याविरुद्ध.

यंत्र नेमके काय करते? ते साम्य मोजते. नाव, बापाचे नाव, वर्ष, गाव, जोडीदाराचे नाव, अशा दोनचार अंगांनी एक नोंद दुसऱ्या नोंदीसारखी किती आहे, याचा हिशेब मांडते आणि तो कोठे ताऱ्यांनी, कोठे टक्क्यांनी दाखविते. आपल्या न्यायशास्त्रात साम्यावरून होणाऱ्या ज्ञानाला उपमान म्हणतात आणि त्याचे ठरीव उदाहरण गवयाचे. रानात गाईसारखा पशू दिसला म्हणजे हा गवय, असे ज्याने आधी ऐकले आहे त्याला कळते. परंतु गवय गाईसारखा आहे एवढ्यावरून ती आपल्या गोठ्यातील हरवलेली गाय आहे, असे कोणी म्हणत नाही. त्यासाठी दुसरे ज्ञान लागते. काशीस पूर्वी पाहिलेला आणि आज येथे दिसणारा ‘तोच हा देवदत्त’ असे जे आपण ओळखतो, त्याला शास्त्रकार प्रत्यभिज्ञा म्हणतात. तिच्यात आजचे दर्शन आणि पूर्वीची स्मृती यांची गाठ पडते. यंत्राकडे दर्शन आहे, तेही अनुक्रमणिकेपुरते. देवदत्ताची स्मृती त्याच्याकडे नाही. आत्याकडे ती होती. तिचा ‘न्हय’ हा बिनकारणाचा असला तरी बिनआधाराचा नव्हता. आपल्या आजोबांना तिने बारा वर्षांची होईपर्यंत रोज पाहिले होते.

साम्यावर विसंबणे आपल्या मुलखात तर विशेष धोक्याचे. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल असल्यामुळे रामचंद्र विठोबा आणि विठोबा रामचंद्र ही जोडी घराघरांतून रहाटाच्या लोट्यांसारखी वरखाली होत राहते. एकाच घरात साठ वर्षांच्या अंतराने दोन रामचंद्र विठोबा निघतात आणि शेजारच्या गावात तिसरा. आडनावांची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. पार्सेकर, मांद्रेकर, कोरगावकर, हरमलकर, मोरजकर ही पेडण्याकडची आडनावे घ्या, किंवा मयेकर, नार्वेकर, आमोणकर, कुडणेकर, पिळगावकर ही डिचोलीकडची. पार्से गावात राहणाऱ्याला पार्सेकर म्हणण्याचे कारण सहसा पडत नाही. तेथे तो परब, गावकर, नाईक, शेट असा काही असतो. गाव सुटले, म्हापशास किंवा मुंबईस बिऱ्हाड झाले, की तो पार्सेकर होतो. म्हणजे हे आडनाव रक्ताचे नसून निघून आल्याचे आहे. एकाच वर्षी पार्से सोडलेल्या निरनिराळ्या जातींच्या चार कुटुंबांना ते सारखेच लागते, आणि सख्ख्या दोघा भावांपैकी गावात राहिलेल्याला लागत नाही. युरोपातील घराणी समोर ठेवून घडविलेल्या यंत्राला आडनाव हा मोठा दुवा वाटतो. आपल्याकडे तो अनेकदा दुवा तोडणारा असतो. त्यात १९९० साली नाव व आडनाव बदलण्याचा गोव्याचा कायदा झाल्यापासून कागदावरची आडनावे आणखी हलली आहेत.

आणि यंत्राने पाहिलेले तरी काय असते? जेवढ्या चोपड्या त्याच्या साठ्यात आल्या तेवढ्याच. हा साठा लहान नाही. अमेरिकेतील युटा येथे १८९४ साली स्थापन झालेली जी संस्था आज ‘फॅमिलीसर्च’ या नावाने चालते, तिने १९३८ पासून जगभरच्या नोंदींची सूक्ष्मचित्रे घेतली आणि सुमारे २४ लाख गुंडाळ्यांचे संगणकीकरण २०२१ साली पुरे केले. हरिद्वारासारख्या तीर्थक्षेत्रांतील पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रेही तिच्यापाशी आहेत. पण छायाचित्र असणे वेगळे आणि यंत्राला ते वाचता येणे वेगळे. आपल्या पेडण्या-डिचोलीचा इतिहास डोळ्यांपुढे आणा. हा प्रदेश नव्या काबिजादींतला. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेले. त्यापूर्वीचे येथले जीवन सावंतवाडीच्या मोडी दप्तरात, देवस्थानांच्या जमाखर्चात आणि घरोघरच्या वह्यांत आहे. येथील हिंदूंचे जन्म, विवाह, मृत्यू कोणत्याही चर्चच्या चोपडीत चढलेले नाहीत. सर्वधर्मीयांची नागरी नोंदणी पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर १९११ साली कायद्याने ठरली आणि त्यानंतर ती इकडे रुळली. तेरेखोलच्या अलीकडे आणि पलीकडे एकच भाऊबंदकी नांदत असे. अलीकडचा भाऊ पोर्तुगीज कागदांत, पलीकडचा संस्थानी कागदांत, आणि नोकरीसाठी वेंगुर्ल्यास गेलेला तिसरा इंग्रजी कागदांत.

यातला फार थोडा भाग यंत्रापुढे आहे. तरीही त्याला विचारले की ते सहसा रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही. फौजदारी वकिलांना ओळखपरेडीचा अनुभव असतो. खरा आरोपी रांगेत उभाच नसला तरी साक्षीदार पुष्कळदा रांगेतील त्यातल्या त्यात मिळताजुळता माणूस दाखवितो, कारण रांग लावली म्हणजे तीत कोणीतरी असणारच, हे त्याने गृहीत धरलेले असते. आमच्या पणजोबांचे हेच झाले. ते रांगेत नव्हते. त्यांच्यासारखा दुसरा एक होता.

पिसुर्ले गावचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पणजीच्या पुराभिलेखागारात आयुष्य घालविले. १५९५ साली स्थापन झालेल्या त्या दप्तरखान्यातील पोर्तुगीज कागद आणि मराठी कागद ते एकमेकांसमोर उभे करीत, आणि एकाने सांगितलेले दुसऱ्याकडून पारखून घेत. १९६७ साली निघालेला त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ ज्याने वाचला असेल त्याला ही पद्धत परिचित आहे. अमेरिकेत वंशसंशोधकांना प्रमाणपत्र देणारे एक मंडळ १९६४ साली निघाले. त्याचीही अपेक्षा अशीच आहे की शक्य तेवढे सर्व पुरावे धुंडाळावेत, ते कोठून आले ते सांगावे, आणि विरोधी पुराव्याचा निकाल लावल्याखेरीज निष्कर्ष लिहू नये. वतनाच्या तंट्यात आपल्या गोतसभा उभय पक्षांचे करीने ऐकून, गावच्या वृद्धांना विचारून मगच महजर करीत, तेव्हा त्याही निराळे काही करीत नव्हत्या. बनावट महजरही होत असत, हे खरे. पण खोटा महजर करणाऱ्यालाही त्याखाली कोणाच्या तरी निशाण्या मिळवाव्या लागत. यंत्राच्या सूचनेखाली कोणाचीच निशाणी नसते. ती आपणच स्वीकारतो तेव्हा आपलीच उमटते.

साक्षीचा कायदा या बाबतीत जे सांगतो ते मला नेहमी फार शहाणपणाचे वाटत आले आहे. १८७२चा कायदा जाऊन त्या जागी २०२३चा भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि १ जुलै २०२४ पासून तो चालू झाला. पण नात्यासंबंधीची जुनी तत्त्वे त्यात तशीच उतरली आहेत. मृत माणसाने नात्याविषयी केलेले विधान पुराव्यात घेता येते, परंतु दोन अटींवर. त्याला ते नाते जाणून घेण्याचे विशेष साधन असले पाहिजे, आणि वाद उत्पन्न होण्याच्या आधी त्याने ते विधान केलेले असले पाहिजे. दुसरी अट पहिल्याहून मार्मिक आहे. एकदा प्रश्न उभा राहिला म्हणजे प्रामाणिक माणसाची स्मृतीही प्रश्नाच्या दिशेने कलते. म्हणून कायदा त्या काळचे बोलणे मागतो, ज्या काळी असे बोलून कोणाचे काही साधावयाचे नव्हते. तीर्थोपाध्यायाच्या वहीत यात्रेकरू आपल्या बाप-आजांची, भावांची, मुलांची नावे सांगतो आणि खाली सही करतो, तेव्हा या दोन्ही अटी पुऱ्या होतात. यंत्राच्या सूचनेत दोन्ही मोडतात. त्याला विशेष साधन नाही. आणि त्याचे बोलणे तर प्रश्नातूनच जन्मलेले असते. आम्ही पणजोबांना शोधू लागलो नसतो, तर ती सूचना जगात आलीच नसती.

याच कायद्यात आणखी एक तत्त्व आहे. एखाद्या कुटुंबाशी निकट असलेल्या माणसाने आपल्या आचरणातून नात्याविषयीचे मत दाखविले असेल, तर ते आचरण हा पुरावा होतो. दोलगोविंद परिछा विरुद्ध निमाईचरण मिश्र या १९५९ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते उकलून सांगितले आहे. मत बोलून दाखविणे पुरेसे नाही. त्याप्रमाणे वागलेले दिसले पाहिजे. हे वाचताना आपल्या समाजातील माणसाला सुतकाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. कोण कोणाचे सुतक पाळते, कोणाच्या दारी सोयेर लागते, नवरात्रात कोणता मान कोणत्या घराला आहे, कोणाच्या पाटावर कोणाचा पुतण्या बसतो, यांतून भाऊबंदकी लिहिलेली असते, आणि ती लिहिणारी माणसे काही तोशीस सोसून ती लिहितात. दहा दिवस देवळाची पायरी न चढणे, घरातले लग्न पुढे ढकलणे, ही त्या मताची किंमत. यंत्राने कोणाचे सुतक पाळले आहे? त्याचे मत फुकट असते, आणि चुकले तर त्याला आंघोळ करावी लागत नाही.

एकच चूक अनेकांनी उतरून घेतली म्हणजे ती अनेकांची साक्ष होते, असा समज या दालनांतून फार बळावला आहे. आमचा तो खोटा धागा पुतण्याने काढून टाकला, तोवर तो आणखी सात वंशवृक्षांत गेलेला होता. आणि यंत्र नवागताला सांगत होते की आठ वंशवृक्षांचे या बाबतीत एकमत आहे. शास्त्रात याला अंधपरंपरान्याय म्हणतात. आंधळ्याने आंधळ्याचा हात धरला, त्याचा तिसऱ्याने. रांग लांबली म्हणून वाट दिसू लागत नाही. आठ वृक्ष पाहून जो आठ मोजतो, त्याने आधी हे विचारावे की मूळ नोंद डोळ्यांनी किती जणांनी पाहिली.

आम्ही ती अखेर पाहिली. पुतण्याला मी म्हटले, अनुक्रमणिका सोड आणि मूळ पानाचे छायाचित्र उघड. “काका, सगळे तर जुळते आहे,” असे तो म्हणाला. उघडल्यावर वधूचे नाव वेगळे निघाले. तो म्हणाला, दुसरे लग्न असेल. आणि तसे असू शकते, हे मला मान्य करावे लागले. वराचे जन्मगाव बार्देशातले निघाले. जन्म आजोळी झाला असेल. तेही असू शकते. एकदा सूचना मनाला पटली की प्रत्येक विसंगतीला एक गोजिरवाणे स्पष्टीकरण सुचत जाते, हे मी त्या रात्री प्रत्यक्ष पाहिले. विरुद्ध पक्षाच्या अशिलांत ते अनेकदा पाहिले होते. स्वतःच्या घरात प्रथमच. शेवटी पानाच्या तळाशी आलो. तेथे कारकुनाने आपल्या नेहमीच्या शब्दांत लिहिले होते की लिहिता येत नसल्यामुळे वर सही करीत नाही. आमच्या माळ्यावर पणजोबांच्या हातची मोडी वही आहे. शके १८३१ पासून, म्हणजे १९०९ सालापासूनची. भाताचे देणेघेणे, देवळाची वर्गणी, विहिरीची गडीमजुरी, सारे त्यांनी स्वतः लिहिलेले. पोर्तुगीज अक्षर येत नसते तरी मराठी सही करण्यास त्यांना कोणी अडविले नसते. तशा सह्या त्या काळच्या चोपड्यांत आढळतात. ज्याला १९०९ साली वही लिहिता येत होती, त्याला १९१७ साली स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, हे मात्र असू शकत नव्हते.

जे जुळते त्यांची यादी कितीही वाढविली तरी निकाल लागत नाही. जे जुळूच शकत नाही असे एक सापडले की लागतो. यंत्राने सही नसल्याची ओळ वाचलेलीच नव्हती. तो रकाना त्याच्यासाठी कोणी केलाच नव्हता.

एवढ्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. हौसेचा कागद; चुकला तर चुकला. पण आपल्याकडे वंशावळ ही केवळ हौस राहिलेली नाही. १९३३च्या देवस्थान कायद्याप्रमाणे महाजनांची नामावली असते आणि महाजनकी वंशाने चालते. कोमुनिदादीचा गावकार पुरुषवंशाने ठरतो. वारसाच्या कामांत प्रत्येक पिढीचा दुवा दाखवावा लागतो. आणि १९६१च्या डिसेंबरापूर्वी येथे जन्मलेल्यांच्या नोंदी लिस्बनला चढविण्यासाठी मुले-नातवंडे जुने दाखले गोळा करीत असतात. यंत्राने सुचविलेला आजोबा अशा कागदांत एकदा शिरला की त्याला बाहेर काढण्यास दुसऱ्या कोणाला तरी पदरमोड करून कचेरीची पायरी चढावी लागते.

याहून नाजूक गोष्ट बोलावयाची आहे. देवळांच्या चाकरीशी बांधल्या गेलेल्या कित्येक घराण्यांत नोंदीतला बापाचा रकाना रिकामा राही, किंवा कारकून तेथे ‘बाप अज्ञात’ असे लिहून मोकळा होई. त्या घराण्यांनी आया-आज्यांची नावे पिढ्यानुपिढ्या जपली, आणि विसाव्या शतकात आपला समाज स्वतःच्या बळावर उभा केला. आता कोणी उनाड माणूस गावगप्पेवरून एखाद्या वतनदाराचे नाव आपल्या वंशवृक्षात त्या रिकाम्या जागी लिहितो, आणि यंत्र ते त्या घराण्यातील प्रत्येक मुलापुढे ‘संभाव्य पिता’ म्हणून ठेवीत सुटते. तेथील मौन कोणाच्या तरी दुःखातून आलेले असते, आणि ते कोणी मोडावयाचे, कधी मोडावयाचे, की मोडावयाचेच नाही, हा अधिकार त्या घरचा. यंत्राला रिकामा रकाना म्हणजे केवळ भरावयाची जागा वाटते. माणसालाही तसेच वाटू लागले तर त्याला काय म्हणावे?

आपल्या धर्मशास्त्राने रिकाम्या रकान्याचा विचार फार पूर्वी केला आहे. श्राद्धात पितरांची नावे ठाऊक नसतील तर काय करावे? जवळपासचे एखादे बरेसे नाव घ्यावे, असे त्याने सांगितले नाही. पित्यास पृथिवीषद्, पितामहास अंतरिक्षसद् आणि प्रपितामहास दिविषद् म्हणावे, अशी सोय त्याने केली आहे. म्हणजे पृथ्वीवर बसलेला, अंतरिक्षात बसलेला, स्वर्गात बसलेला. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावे. ज्ञान नाही हे कबूल करूनही कर्म पुरे करता येते, ही केवढी उदार व्यवस्था आहे! नाव माहीत नसल्याने पिंड अडत नाही. भलतेच नाव घेतले तर तो कोणाला पोहोचतो, याचे उत्तर मात्र मला कोणत्याही भटजीने दिलेले नाही.

आता ते नाव ज्यांचे होते त्यांच्याविषयी. पुतण्याने वंशवृक्ष उघडा ठेवला होता, म्हणून कागद घरी आल्यानंतर चारच दिवसांनी त्याला एका बाईंचा निरोप आला. बाई बार्देशातल्या. त्यांनी फार सौजन्याने विचारले होते की आमच्या आजोबांचे नाव आपल्या घराण्यात कसे आले. काही नाते असल्यास आनंदच आहे. आणि पुढे लिहिले होते की त्यांच्या आईचे नाव आमच्या घरी दरवर्षी पक्षात घेतले जाते, ते आपणास कोठून मिळाले? ते वाक्य वाचल्यावर मला सहीच्या ओळीचीही गरज उरली नाही. जे नाव आम्ही यंत्राकडून उचलले होते ते एका घरात वर्षानुवर्षे पाणी सोडून घेतले जात होते. साक्षीच्या कायद्याला हवे असलेले आचरण, वादापूर्वीचे, विशेष साधन असलेल्यांचे, ते हेच. त्या बाईंच्या आजोबांना आम्ही चार दिवस आपले म्हणून मिरविले, त्यांची आई आपली म्हणून घेतली, आणि त्यांना एक बायको सोडावयास लावली.

पुतण्याने त्यांची क्षमा मागितली. सात वृक्षांच्या मालकांनाही त्याने लिहिले. तिघांनी दुरुस्ती केली, चौघांचे उत्तर नाही. यंत्र ती सूचना त्याला अधूनमधून अजूनही दाखविते.

हा सारा उलगडा पक्षानंतरचा. महालयाच्या दिवशी यातले काहीच आमच्या हाती नव्हते. आत्याचा ‘न्हय’ तेवढा होता. वडील सोवळे नेसून बसले होते, कागद भिंतीला टेकवून ठेवला होता, आणि ते नाव त्यांनी सकाळपासून दोनदा मनाशी म्हणून पाहिले होते, हे मला दिसत होते. मी त्यांना काही सांगितले नाही; सांगण्याजोगे ठरलेले माझ्यापाशी नव्हते. भटजींनी प्रपितामहीचे नाव विचारले. वडील थांबले. त्यांनी एकदा माजघराच्या दाराशी उभ्या असलेल्या आत्याकडे पाहिले, पळीत पाणी घेतले आणि म्हणाले, “अज्ञातनाम्नी.”

पणजोबांच्या वहीची पाने आता डिचोलीतील एक वृद्ध मोडी वाचक आम्हांला लावून देत आहेत. अकरा झाली. आईचे नाव कोठे निघालेले नाही. श्रावणातल्या एका नोंदीत ‘मातोश्रीस लुगडे’ असा खर्च टाकलेला आहे, दोन रुपये आणि काही आणे.